नोंद आणि घटना : आधुनिक धंद्यातील माहितीव्यवस्थेविषयी काही विचार

आपल्याकडील जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द आणि खतावणी ह्या दोन वह्या मुख्य असत. दिवसभरात जी देवघेव झाली ती घडली त्या क्रमाने कीर्दीत उतरावयाची आणि मागाहून ज्याच्या त्याच्या नावे खतावणीत घालावयाची, असा रिवाज होता. सायंकाळी रोकड मोजून ती कीर्दीतील शिलकेशी जुळते की नाही हे पाहिल्यावाचून दिवाणजी पेढीवरून उठत नसे. शिल्लक जुळली नाही तर तो दोन शक्यता जमेस धरी : रोकड कमी पडली असेल किंवा नोंद चुकली असेल. दुसरी शक्यता त्याच्या मनात नेहमी जागी असे, कारण नोंद त्याच्याच हातची असे व हात चुकतो हे त्यास अनुभवाने ठाऊक असे. फरकाचा उलगडा होईपर्यंत ती रक्कम उचंत खाती पडून राही. उचंत खाते म्हणजे ज्या रकमेचा धनी अद्याप ठरलेला नाही तिच्यासाठी राखलेली जागा होय. पुढील विवेचनात ह्या खात्याचा पुन्हा संबंध येणार असल्याने त्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला आहे.

पेढीवर घटना, नोंद आणि निर्णय ही तिन्ही एकाच बैठकीवर घडत. आधुनिक धंद्यात ती एकमेकांपासून दूर गेली आहेत. विक्री एका गावी होते, तिची नोंद दुसऱ्या गावी साठविली जाते आणि उद्या किती माल पाठवावयाचा ह्याचा निर्णय तिसऱ्याच ठिकाणी कोणी घेतो. ह्या तिघांना जोडणारी माणसे, छापील नमुने, संकेत, नियम व यंत्रे ह्या सर्वांचा मेळ म्हणजे माहितीव्यवस्था. संगणक हे तिचे एक अंग आहे, आणि आज ते सर्वांत ठळक असल्यामुळे पुष्कळदा तेच सर्वस्व मानले जाते. संगणकामुळे वेग वाढतो, आकडेमोड अचूक होते, कारकुनी श्रम वाचतात, हे सारे खरे आहे. परंतु धंद्याच्या दृष्टीने ह्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. नोंद आणि घटना ह्यांची फारकत झाली असता ती कोणाच्या लक्षात येते, आणि ज्याच्या लक्षात येते त्यास हरकत घेण्याचा अधिकार असतो की नाही, हा तो प्रश्न होय. माहितीव्यवस्थेचे यशापयश मुख्यतः येथेच ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. इंग्लंडमधील दोन व मुंबईतील एक अशा तीन उदाहरणांच्या आधारे ते येथे मांडावयाचे आहे.

पहिले उदाहरण जे. लायन्स आणि कंपनी ह्या लंडनच्या खाद्यपेयांच्या व्यापाऱ्यांचे. धंद्याच्या रोजच्या कामासाठी संगणक प्रथम नेमाने राबविला तो कोणा यंत्रनिर्मात्याने किंवा बँकेने नव्हे, तर चहाची दुकाने चालविणाऱ्या ह्या कंपनीने, ही गोष्ट आजही अनेकांना आश्चर्याची वाटते. वस्तुतः त्यात आश्चर्य फारसे नाही. लायन्सचे पहिले चहाचे दुकान १८९४ साली लंडनच्या पिकॅडिली भागात निघाले. पुढे अशी दुकाने शेकड्यांनी मोजावी इतकी झाली. चहाचा पेला, पाव, केक असा किरकोळ माल, एका गिऱ्हाइकामागे नफा अगदी थोडा आणि माल एका दिवसात शिळा होणारा. अशा धंद्यात हिशेब उशिरा मिळाला तर तो न मिळाल्यासारखाच. जॉन सिमन्स ह्या केंब्रिजच्या गणितज्ञास कंपनीने १९२३ साली नोकरीस घेतले. कचेरीतील कामाच्या पद्धती तपासून सुधारणे एवढेच काम असलेला एक स्वतंत्र विभाग १९३० नंतरच्या दशकात तेथे चालू होता. म्हणजे यंत्र येण्यापूर्वी कित्येक वर्षे ह्या मंडळींनी आपल्या कामाचा कागद कोठून निघतो, कोणाच्या हाती जातो आणि कशासाठी जातो ह्याचा अभ्यास चालविला होता. पुढील यशाचे बीज ह्या अभ्यासात आहे.

१९४७ साली कंपनीने टी. आर. टॉम्पसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड ह्या दोघा अधिकाऱ्यांस अमेरिकेतील कचेऱ्यांच्या पद्धती पाहण्यासाठी पाठविले. तेथे प्रिन्स्टन येथे त्यांची गाठ हर्मन गोल्डस्टाइन ह्यांच्याशी पडली. असेच यंत्र तुमच्या देशात केंब्रिज येथे तयार होत आहे, असे त्यांना तेथे कळले. परत आल्यावर कंपनीने केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स ह्यांना तीन हजार पौंडांचे साहाय्य केले व आपला एक तंत्रज्ञ त्यांच्या हाताखाली दिला. एड्सॅक नावाचे ते यंत्र ६ मे १९४९ रोजी चालू झाले. त्याच्याच धर्तीवर, पण कचेरीच्या कामास उपयोगी पडतील असे फेरफार करून, लायन्सने जॉन पिंकर्टन ह्या अभियंत्याच्या देखरेखीखाली स्वतःचे यंत्र उभारले. त्याचे नाव 'लिओ'. त्यात सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह होते व त्याची स्मृती पाऱ्याच्या नळ्यांत ध्वनिलहरींच्या रूपाने फिरत असे. १९५१ च्या नोव्हेंबरअखेर बेकरीतील मालाच्या मूल्यमापनाचा साप्ताहिक हिशेब कायमचा लिओकडे सोपविण्यात आला. पुढे पगारपत्रकाचे काम आले. एका नोकराच्या पगाराची मांडणी करण्यास अनुभवी कारकुनास सुमारे आठ मिनिटे लागत, ती लिओ दीड सेकंदात करी.

दीड सेकंदाचा हा आकडा लिओच्या प्रत्येक इतिहासात येतो. परंतु माझ्या मते खरे शिकण्यासारखे आहे ते १९५४ साली सुरू झालेले दुकानांच्या मागणीचे काम. ते डेव्हिड कॅमिनर ह्यांच्या हाताखालील मंडळींनी आखले. प्रत्येक दुकानाच्या व्यवस्थापिकेची आठवड्यातील प्रत्येक वाराची एक ठरीव मागणी असे : सोमवारी इतके पाव, शनिवारी इतके केक. ही ठरीव मागणी यंत्राकडे कायम असे. व्यवस्थापिकेने दुपारी दूरध्वनीवरून फक्त फरक कळवावयाचा. उद्या जवळ मेळा भरणार आहे, चार डझन जास्त पाठवा, किंवा कालचे उरले आहेत, दोन डझन कमी करा, एवढेच. तिचा आवाज ऐकता ऐकताच कचेरीतील मुली तो फरक पत्रांवर छिद्रे पाडून उतरवीत, आणि ती पत्रे लिओस देण्यात येत. मग कोणत्या कारखान्यात काय किती भाजावयाचे, कोणत्या गाडीत कोणत्या क्रमाने भरावयाचे, कोणत्या दुकानाच्या नावे किती रक्कम मांडावयाची, हे सारे लिओ रात्रीपूर्वी काढून देई.

ह्या आखणीत एक गोष्ट सहज नजरेतून सुटण्यासारखी आहे. उद्या दुकानात किती गिऱ्हाइके येतील हे यंत्रास ठाऊक नाही, ते व्यवस्थापिकेस ठाऊक आहे, हे आखणाऱ्यांनी आधीच मान्य केले होते. ठरीव ते यंत्राकडे आणि अवचित ते माणसाकडे, अशी ही वाटणी होती. नोंदीचा उगम ज्या बाईच्या ज्ञानात होता, तिच्याशी रोज एकदा बोलल्यावाचून व्यवस्थेचे पाऊल पुढे पडत नसे. नोंद चुकली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाव कमी पडत वा उरत, आणि ते त्याच बाईस दिसे. म्हणजे चूक चोवीस तासांच्या आत चुकीच्या जागी उघडी पडे. पगाराचे काम लिओकडे देतानाही प्रथम काही काळ कारकून व यंत्र ह्यांनी तेच काम शेजारी शेजारी करून फळे ताडून पाहिली होती. यंत्रावर विश्वास ठेवावयाचा तर तो मिळविला गेला पाहिजे, अशी ह्या मंडळींची वृत्ती होती.

लिओचा पुढील वंशविस्तार थोडक्यात सांगावयास हवा, कारण दुसरे उदाहरण त्याच वंशातले आहे. लायन्सने १९५४ साली यंत्रे बनविण्यासाठी स्वतंत्र कंपनी काढली. ती १९६३ साली इंग्लिश इलेक्ट्रिकच्या संगणक विभागात मिळाली आणि १९६८ साली आणखी एका एकीकरणातून आय.सी.एल. ही कंपनी जन्मली. तिचा मोठा हिस्सा १९९० साली जपानच्या फुजित्सू कंपनीने घेतला, आणि पुढे ती सर्वस्वी फुजित्सूची झाली. ह्या आय.सी.एल.ने ब्रिटिश डाकखात्यासाठी जी व्यवस्था उभारली तिचे नाव 'होरायझन'. १९९९ पासून ती देशभरच्या डाकघरांत बसविण्यात आली.

ब्रिटनमधील बहुसंख्य लहान डाकघरे सरकारी नोकर चालवीत नाहीत. गावातील एखादा दुकानदार कराराने ते काम पत्करतो. त्यास उपडाकपाल म्हणू. असे काम करणाऱ्यांत भारतीय वंशाचे कुटुंबवत्सल दुकानदारही पुष्कळ होते. कराराचा अर्थ डाकखाते असा लावी की, हिशेबात तूट आली तर ती उपडाकपालाने भरून द्यावयाची. कागदी हिशेबाच्या काळात तूट आली तर तो आपले कागद काढून बसे व चूक कोठे झाली ते शोधी. होरायझन आल्यावर मूळ नोंदी दूर फुजित्सूच्या यंत्रांत गेल्या. त्याच्यासमोर उरला तो पडद्यावरील एक आकडा आणि काही आठवड्यांपुरते उतारे. हिशेबाची मुदत संपली की शिल्लक मान्य केल्यावाचून पुढील मुदत उघडता येत नसे, आणि पुढील मुदत उघडल्यावाचून दुकान चालत नसे. आरंभी वादातील रक्कम तात्पुरती बाजूस ठेवण्याची, म्हणजे आपल्या भाषेत उचंत खात्याची, सोय होती. २००५ साली ती काढून टाकण्यात आली. त्यानंतर उपडाकपालापुढे दोनच मार्ग राहिले : रक्कम भरणे किंवा ती आपल्या नावे देणे म्हणून मान्य करणे. 'मला हा आकडा मान्य नाही' असे म्हणण्यासाठी कळफलकावर कळच नव्हती.

चूक कशी होई ह्याचे एक उदाहरण सांगतो. स्कॉटलंडमधील डालमेलिंग्टन येथील डाकघरात २०१५ साली आठ हजार पौंडांची एक थैली जमा करून घ्यावयाची होती. जमा केल्यावर पडदा पुढे सरकेना, म्हणून तीच कळ पुन्हा दाबण्यात आली. प्रत्येक वेळी यंत्राने नवी थैली आली असे धरले. थैली एक आणि जमा चार. हिशेबाने हाती बत्तीस हजार असावयास हवे होते. प्रत्यक्षात होते आठच, म्हणून चोवीस हजारांची तूट दिसली. ह्या ठिकाणी कारण सापडले. जेथे ते सापडले नाही, तेथे तुटीचा अर्थ चोरी असा करण्यात आला. मदतीसाठी दूरध्वनी करणाऱ्या कित्येकांना, अशी अडचण फक्त तुम्हांलाच येते, असे सांगण्यात आल्याचे त्यांनी पुढे चौकशीत सांगितले. शिवाय फुजित्सूच्या माणसांना दुरून शाखेच्या हिशेबात नोंद घालता येत असे, ही गोष्ट डाकखाते वर्षानुवर्षे नाकारीत राहिले.

१९९९ ते २०१५ ह्या काळात नऊशेहून अधिक लोकांस शिक्षा झाल्या, आणि त्यांतील सुमारे सातशे खटले डाकखात्याने स्वतःच फिर्यादी होऊन चालविले. कोणी तुरुंगात गेले, कोणी घर विकले, आणि ज्या गावात दुकान होते त्याच गावात चोर म्हणून वावरणे कित्येकांच्या नशिबी आले. येथे कायद्याचाही वाटा आहे. इंग्लंडमध्ये १९८४ च्या एका कायद्यानुसार संगणकाचा उतारा पुराव्यात आणावयाचा तर यंत्र नीट चालत होते हे दाखवावे लागे. ते कलम १९९९ च्या कायद्याने रद्द झाले व एप्रिल २००० पासून नीट चालल्याचे गृहीत धरले जाऊ लागले. यंत्र बिघडले असे ज्यास म्हणावयाचे त्यानेच तशी काही खूण पुढे करावयाची, आणि यंत्राच्या पोटातील कागद तर त्याच्या हाती नाहीत. खून पाहणाऱ्या साक्षीदाराचीही उलटतपासणी होते. येथील साक्षीदारास ती माफ होती.

२००९ साली 'कॉम्प्युटर वीकली' ह्या नियतकालिकाने सात उपडाकपालांची हकीकत छापली. त्याच वर्षी अॅलन बेट्स ह्यांच्या पुढाकाराने पीडितांची संघटना उभी राहिली. ५५५ वादींच्या दाव्यात न्यायमूर्ती फ्रेझर ह्यांनी १६ डिसेंबर २०१९ रोजी दिलेल्या निकालात होरायझनमधील अनेक दोषांची एकेक करून नोंद केली, आणि तिचे आरंभीचे रूप मुळीच भरवशाचे नव्हते असे ठरविले. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने एकाच दिवशी ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. २४ मे २०२४ रोजी तर पार्लमेंटने कायदाच करून अशा शिक्षा सरसकट रद्दबातल ठरविल्या. न्यायालयांचे निकाल कायद्याने पुसण्याचा असा प्रसंग त्या देशाच्या इतिहासात विरळा आहे.

होरायझनमध्ये घटना नसताना नोंद झाली. आपल्या मुंबईतील प्रकार नेमका उलट आहे. तेथे घटना झाली, पण नोंद झाली नाही. पंजाब नॅशनल बँकेची फोर्ट भागातील ब्रॅडी हाऊस शाखा काही जवाहीर व्यापाऱ्यांच्या वतीने परदेशातील बँकशाखांना हमीचे संदेश पाठवी. त्या हमीवर परदेशी शाखा कर्ज देत. हे संदेश 'स्विफ्ट' ह्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेवरून जात. बँकेचे स्वतःचे हिशेब मात्र 'कोअर बँकिंग' ह्या दुसऱ्या व्यवस्थेत असत, आणि ह्या दोहोंना जोडणारा दुवा त्या वेळी नव्हता. संदेश पाठविल्यावर त्याच माणसांनी हिशेबात वेगळी नोंद करावयाची असे. ती केली गेली नाही, असे बँकेने तपासयंत्रणेस कळविले. बँकेवर देणे चढत होते आणि खतावणी स्वच्छ दिसत होती. रोजची शिल्लक जुळतच होती, कारण जे वहीत आलेच नाही ते जुळविण्याचा प्रश्न नाही.

हा प्रकार उघडकीस कसा आला तेही मासलेवाईक आहे. जानेवारी २०१८ मध्ये त्या व्यापाऱ्यांची माणसे नव्या हमीसाठी शाखेत आली. तेथील नव्या अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे संपूर्ण रक्कम ठेव म्हणून मागितली. पूर्वी अशी ठेव कधी द्यावी लागली नाही, असे उत्तर मिळाले. अधिकाऱ्यांनी हिशेबात पाहिले तर पूर्वीच्या हमीचा मागमूस नाही. यंत्राने नव्हे, तर समोरासमोरच्या एका बोलण्याने फारकत दाखवून दिली. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी बँकेने जाहीर केलेली रक्कम सुमारे ११,४०० कोटी रुपयांची होती व ती पुढे आणखी वाढली. रिझर्व्ह बँकेने स्विफ्टच्या गैरवापराविषयी २०१६ पासून बँकांना सावध केले होते. प्रकरणानंतर तिने दोन्ही व्यवस्था जोडण्यास एप्रिल २०१८ अखेरची मुदत घातली, आणि मार्च २०१८ मध्ये अशा प्रकारची हमीपत्रेच बंद केली.

दोन व्यवस्था जोडल्या म्हणजे काम झाले, असा ह्यावरून निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अर्धाच खरा आहे. होरायझनमध्ये सर्व काही जोडलेलेच होते. जोडणीने न झालेली नोंद आपोआप होईल, पण झालेली चुकीची नोंद जोडणीमुळेच अधिक वेगाने सर्वत्र पोहोचेल. तेव्हा जोडणी आणि हरकत ह्या दोन्ही सोयी निरनिराळ्या समजून दोहोंची तजवीज करावी लागते. व्यवस्था विकत घेताना आपल्याकडील संस्था पहिलीची चौकशी बारकाईने करतात. दुसरीविषयी मात्र विचारणा क्वचितच होते. एखाद्या सहकारी पतसंस्थेच्या गावशाखेतील कारकुनास पडद्यावरील आकडा अमान्य असेल तर ती रक्कम कोठे ठेवावयाची, मूळ नोंदींचा पूर्ण उतारा त्यास किती दिवसांत मिळावयाचा, दुरून कोणी नोंद घातली तर तिच्यावर घालणाराचे नाव उमटते की नाही, हे प्रश्न करारनाम्यात असावयास हवेत. त्यांस तंत्रज्ञान असे फारसे लागत नाही.

कायद्याच्या बाबतीत भारताची वाट इंग्लंडहून निराळी आहे, आणि योगायोग असा की दोन्ही वाटा एकाच वर्षी फुटल्या. इंग्लंडने आपले कलम एप्रिल २००० मध्ये सोडून दिले. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याने भारतीय पुरावा अधिनियमात कलम ६५-ब घातले, ते ऑक्टोबर २००० मध्ये अमलात आले. संगणकाचा उतारा पुराव्यात द्यावयाचा तर यंत्र त्या काळात नीट चालत होते अशा अर्थाचे प्रमाणपत्र जबाबदार व्यक्तीच्या सहीने द्यावे, असे ते कलम सांगे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले नसेल तर हे प्रमाणपत्र बंधनकारक आहे, असा निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद चालू राहिली असून, यंत्राचा ताबा असणाऱ्याबरोबर एका तज्ज्ञाची सहीही आता लागते.

ही तरतूद इंग्लंडच्या गृहीतकापेक्षा निश्चितच बरी आहे. परंतु ती काय विचारते हे नीट पाहावे. ती विचारते की यंत्र चालू होते काय, आणि उतारा मुळाबरहुकूम आहे काय. डालमेलिंग्टनचे यंत्र चालू होते आणि त्याचा उताराही मुळाबरहुकूमच निघाला असता. चूक मुळातच होती. एका थैलीच्या चार थैल्या झाल्या आहेत काय, हा प्रश्न प्रमाणपत्राच्या नमुन्यात नाही. त्याचे उत्तर थैली हातात घेतलेल्या माणसाजवळच असते, आणि त्याची सही ह्या नमुन्यावर मागितलेली नाही.